पहिल्यांदाच टर्की करतेय: थँक्सगिव्हिंगचं जेवण सोपं कसं करू?

मुग्धमेघ | १४ नोव्हेंबर २०२६

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही ओहायोत राहतो. शेजारी एक अमेरिकन आजी-आजोबा आहेत. आम्ही इथे नवे असताना, कुणाशी धड ओळखही नव्हती तेव्हा, त्यांनी आम्हाला थँक्सगिव्हिंगला (अमेरिकेतला नोव्हेंबरातला सण, यंदा गुरुवारी २६ तारखेला) जेवायला बोलावलं आणि तेव्हापासून दरवर्षी ते जेवण त्यांच्याकडेच असतं. यंदा आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. मी त्यांना सांगून टाकलं, की यंदा सगळं माझ्याकडे. म्हणजे टर्की मी करायची.

चिकन-मटण नेहमीचं आहे, पण अख्खा पक्षी ओव्हनमध्ये कधी भाजलेला नाही. माणसं आठ. सासू-सासरे भारतातून आलेत, ते दोघे शाकाहारी. ओव्हन एकच. टर्की अख्खीच हवी, कारण टेबलावर ती कापायचा मान आजोबांचा असतो, दरवर्षी सुरीला धार लावून बसतात. यात बदल करायचा नाहीये.

केवढी आणू? किती दिवस आधी आणू? मसाला लावू की नको? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतून कच्ची राहिली नाही हे कसं कळतं?

शेगडी | १४ नोव्हेंबर

मुग्धा, फार छान करते आहेस. टर्कीला लोक उगाच घाबरतात. तीन गोष्टी सांभाळल्यास की झालं: वेळेत वितळणं, वेळेत मीठ लागणं आणि थर्मामीटर. बाकी बाबतीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

केवढी: हाडांसकट माणशी साधारण एक ते दीड पौंड धर. खाणारे सहा, तर १२ पौंडांची भरपूर होईल, दुसऱ्या दिवसालाही उरेल. २० पौंडांच्या मागे लागू नकोस. मोठा पक्षी वितळायला वेळ लागतो, भाजायला वेळ लागतो आणि मांड्या शिजेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडतं.

वितळणं: फ्रोजन टर्की फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना २४ तास घेते. १२ पौंडांना तीन दिवस. शनिवारी २१ तारखेला सकाळी फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या मोठ्या ट्रेमध्ये ठेव. पाणी सुटतं आणि ते खाली भाजीच्या कप्प्यात जायला नको. मंगळवारी तयार असेल. ओट्यावर ठेवून वितळवायची नाही. बाहेरचा भाग तासन्‌तास कोमट होत राहतो आणि आत बर्फ तसाच असतो.

शेवटच्या दिवशीही आत अजून दगड असेल, तर पिशवीसकट थंड पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पौंडाला अर्धा तास, म्हणजे अख्खी गोठलेली १२ पौंडांची असेल तर सहा तास. फक्त असं वितळवलं तर लगेच शिजवावी लागते, म्हणून हा उपाय शेवटच्या दिवसापुरता. दुकानात ‘फ्रेश’ लिहिलेल्यावरही डोळे मिटून भरवसा नको. इथल्या नियमाप्रमाणे २६ फॅरनहाइटपर्यंत थंड ठेवलेल्या पक्ष्याला फ्रेश म्हणता येतं, त्यामुळे पोटात बर्फाचे खडे निघू शकतात.

मीठ: मंगळवारी संध्याकाळी टर्की उघड. पोटात मान असते आणि गळ्याच्या बाजूला काळीज, पेटा वगैरेची छोटी पिशवी. दोन्ही काढ, दोन्ही बाजूंनी हात घालून बघ. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून खडखडीत कोरडी कर. मग कोशर सॉल्ट (जाडसर कणांचं मीठ), दर पाच पौंडांना एक टेबलस्पून, म्हणजे तुला साधारण अडीच. त्यात मिरपूड. छातीवर आणि मांड्यांवर जास्त, पोटात थोडं. ट्रेमध्ये ठेवून न झाकता फ्रीजमध्ये. पहिल्या दिवशी मीठ पाणी ओढतं, मग तेच खारं पाणी परत मांसात मुरतं आणि कातडी सुकते. ओव्हनमध्ये ती छान खुसखुशीत होते ती त्यामुळेच. बादलीभर मिठाच्या पाण्यात बुडवायची खटपट करावी लागत नाही.

एक गोष्ट आत्ताच वाचून घे: पिशवीवर ‘सोल्यूशन’ असा शब्द आणि टक्केवारी आहे का? अनेक फ्रोजन टर्कींना कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तशी असेल तर मीठ निम्म्याहून कमी. शिवाय वरचं माप डायमंड क्रिस्टल या ब्रँडच्या हलक्या मिठाचं आहे. मॉर्टनचं कोशर सॉल्ट चमच्यात जास्त भरतं, ते दीड टेबलस्पून पुरे. साधं बारीक मीठ असेल तर त्याहूनही कमी.

मुग्धमेघ | १४ नोव्हेंबर

शेगडी, किती नीट लिहिलंत! एक शंका. कोरडी करायच्या आधी धुवायची ना? आपल्याकडे चिकन हळद-मीठ लावून दोन-तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय हातच लावत नाही.

शेगडी | १४ नोव्हेंबर

नाही, धुवायची नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचाही हाच स्पष्ट सल्ला आहे. कच्च्या टर्कीवर जे जंतू असतात ते पाण्याने जात नाहीत, उडालेल्या शिंतोड्यांबरोबर सिंक, नळ, शेजारची कोथिंबीर असे सगळीकडे पसरतात. १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअसला ते मरतात. १२ पौंडांचा पक्षी नळाखाली धरणं म्हणजे अर्धा ओटा भिजवणं. सवय मोडायला जड जातं, पण इथे ती मोडच. हळद हवी तर रश्श्यात घालू.

आज्जीचाखलबत्ता | १५ नोव्हेंबर

मसाल्याबद्दल माझं मत जरा वेगळं. आमच्याकडे दरवर्षी आलं-लसूण-हिरवी मिरची-कोथिंबीर वाटून, लिंबू पिळून ते कातडीखाली भरतो. मुलांना तीच टर्की आवडते, साधी भाजलेली त्यांना पचपचीत वाटते. वाटण कोरडं हवं, दही नको. दह्याने कातडी मऊ पडते आणि करपतेही लवकर.

शेगडी | १५ नोव्हेंबर

घरच्या पंगतीला उत्तमच लागेल. पण इथे ज्यांच्यासाठी जेवण आहे त्या आजी हॉस्पिटलमधून आल्या आहेत आणि त्यांना त्यांच्या सणाची चव हवी असणार. आपण आजारी असताना कुणी वरण-भात आणून दिला आणि त्यात ओरेगॅनो घातलं, तर कसं वाटेल? पहिल्या वर्षी सेज, थाइम, रोझमेरी आणि बटर एवढंच ठेव. नोव्हेंबरात भाजीच्या विभागात या तिन्हींची एकत्र डबी मिळते. पाने बारीक चिरून मऊ बटरमध्ये कालव आणि छातीच्या कातडीखाली बोटांनी हळूच सरकव. बटरमध्ये मीठ घालू नकोस, आधीचं पुरेसं आहे. उरलेल्या टर्कीच्या मालवणी रश्श्याचा नंबर शुक्रवारी!

आज्जीचाखलबत्ता | १५ नोव्हेंबर

पटलं. आजींसाठी आहे म्हटल्यावर साधीच करा.

कार्तिकी | १५ नोव्हेंबर

थोडं अवांतर विचारते. थँक्सगिव्हिंग कायम गुरुवारीच. तुमच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार पाळत असतील तर काय करता? आमच्या घरी हा प्रश्न येतो. गेल्या वर्षी २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. २०२२ मध्ये तर २४ तारखेला मार्गशीर्ष सुरू झाला आणि त्याच दिवशी थँक्सगिव्हिंग. घट मांडलेला असताना ओव्हनमध्ये टर्की, हे सासूबाईंना शक्यच नाही.

मुग्धमेघ | १५ नोव्हेंबर

यंदा दिवाळीच ८ तारखेला आली, त्यामुळे मार्गशीर्ष डिसेंबरात गेलाय. २६ तारखेचा गुरुवार कार्तिकातला. सासूबाईंनी कॅलेंडर बघूनच होकार दिलाय. :)

टोरांटोकर | १५ नोव्हेंबर

कार्तिकी, आमच्याकडे याचीच दुसरी आवृत्ती. कॅनडातलं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं, यंदा ते १२ तारखेला, म्हणजे नवरात्राच्या दुसऱ्या माळेला आलं. आम्ही टर्कीचं जेवण आदल्या शनिवारी-रविवारी करायचं ठरवलं होतं, पण रविवारी घटस्थापना, म्हणून शनिवारीच उरकलं. मित्रमंडळींनी कुरकुर केली नाही. जेवण एकत्र व्हावं हेच खरं, गुरुवार-सोमवार नंतर. तुम्हीही शुक्रवारी करून बघा.

मुग्धा, आजोबांचा मान नसता तर मी पाठीचा कणा काढून टर्की पुस्तकासारखी उलगडायला सांगितलं असतं. ४२५-४५० फॅरनहाइटला १२ पौंडांची टर्की सव्वा-दीड तासात होते आणि छाती-मांड्या बरोबर शिजतात. कणा खाटकाकडून काढून घेता येतो. पुढच्या वर्षासाठी डोक्यात ठेव.

मांडवीकाठ | १६ नोव्हेंबर

धागा वाचून घरची आठवण आली. आमच्या गोव्यात ख्रिसमसला टर्की भाजणारी घरं जुनी आहेत. टर्की मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिकोकडे पाळली गेलेली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. १६१२ च्या सुमाराला जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून जे दुर्मीळ प्राणी-पक्षी घेऊन गेला, त्यांत एक टर्की होती. बादशहा इतका हरखला, की उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. गळ्याची लोंबती लाल-निळी कातडी आणि पिसाऱ्याची एकेक रेघ अशी काढली आहे, की बघत राहावं.

आता कामाचं. स्टफिंगमध्ये, म्हणजे टर्कीबरोबरच्या पावाच्या सारणात, थोडी चोरीस (आमचं गोव्याचं सॉसेज) घाला. इथले लोकही सॉसेज घालतात, त्यामुळे आजी-आजोबांना ते परकं वाटणार नाही. आधी चोरीस कढईत परतून तिचं तेल सुटू द्या, त्यात कांदा आणि सेलरी, मग वाळलेल्या पावाचे तुकडे आणि गरम स्टॉक.

शेगडी | १६ नोव्हेंबर

चोरीसची कल्पना सुंदर. फक्त स्टफिंग पोटात न भरता वेगळ्या काचेच्या भांड्यात भाज. पोटात भरलं तर त्याचा मध्यही १६५ पर्यंत पोचावा लागतो आणि तोवर छातीचं मांस वाळून जातं. वेगळं केलं की वरून कुरकुरीतही होतं. सासू-सासऱ्यांसाठी दुसरं छोटं भांडं, त्यात व्हेजिटेबल ब्रॉथ आणि मश्रूम. टर्कीच्या पोटात अर्धा कांदा, अर्धं लिंबू आणि उरलेल्या काड्या टाक, ते फक्त वासाला.

पाटावरवंटा | १६ नोव्हेंबर

शाकाहारी मंडळींसाठी लेबलं वाचायची यादी देते, कारण या जेवणात मांस न दिसता बरंच काही असतं.

रताळ्याच्या पदार्थावरचे मार्शमेलो: जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेलं). डब्यातलं तयार स्टफिंग मिक्स: बहुतेकदा चिकन ब्रॉथ. तयार पाय क्रस्ट: काहींत लार्ड (डुकराची चरबी). मॅक अँड चीजमध्ये पार्मेझान असेल तर रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण). ग्रीन बीन कॅसरोलसाठी मश्रूम सूपचा डबा घेताना घटक वाचा किंवा घरी व्हाइट सॉस करा. (हा पदार्थ १९५५ मध्ये कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मला, म्हणून सगळ्या कृतींत तो डबा असतो.) आणि ग्रेव्ही वेगळीच करा, मश्रूम भाजून.

मनापासून सांगते, त्यांना नुसत्या साइड डिशवर ठेवू नका. पंगतीत ज्याच्या पानात मुख्य पदार्थ नसतो त्याला उपरं वाटतं. एकॉर्न स्क्वॉश (छोटे भोपळे) अर्धे कापून भाजा आणि त्यात वाइल्ड राइस, अक्रोड, क्रॅनबेरी भरा. दिसायला राजेशाही आणि आदल्या दिवशी करून ठेवता येतं. चमचे आणि भांडी आधीच वेगळी काढून ठेवा, घाईत डाव इकडचा तिकडे जातो.

मुग्धमेघ | १७ नोव्हेंबर

पाटावरवंटा, स्क्वॉशची कल्पना सासूबाईंना इतकी आवडली, की ते काम त्यांनी घेतलं. शिवाय ताज्या क्रॅनबेरीचं लोणचं घालणार आहेत, बेडेकर मसाला त्या येतानाच घेऊन आल्यात. गोड क्रॅनबेरी सॉसही करायचाय. पंपकिन पाय आजी स्वतः खुर्चीत बसून करणार म्हणतात, तो हट्ट आम्ही मान्य केलाय.

आता ग्रेव्ही आणि प्रत्यक्ष भाजणं सांगा ना.

शेगडी | १७ नोव्हेंबर

क्रॅनबेरी सॉस: १२ औंसांची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी. दहा मिनिटं उकळ, फळं टपटप फुटतात. संत्र्याची साल किसून घाल. पातळ वाटला तरी आटवत बसू नकोस, गार झाल्यावर आपोआप आळतो. मंगळवारीच करून ठेव.

ग्रेव्ही: ही ऐन वेळी करायची नाही. या आठवड्यात टर्कीचे दोन-तीन पंख आण, लाल होईपर्यंत भाज, मग कांदा, गाजर, सेलरी आणि तेजपत्ता घालून दोन-तीन तास मंद उकळ. गाळून फ्रीझ कर. बुधवारी त्याची ग्रेव्ही: एक कप स्टॉकला दीड टेबलस्पून बटर आणि तेवढाच मैदा. मैदा बदामी होऊन खमंग वास येईपर्यंत परत, मग गरम स्टॉक थोडा थोडा ओतत व्हिस्कने हलव. गुरुवारी टर्कीखाली जमलेला रस वरची चरबी काढून यात मिसळ. तो खारट असतो म्हणून आधी चाख. टर्कीतून निघालेली मान आणि पेटा स्टॉकला चालतात, काळीज नको, कडवट होतं.

भाजणं: चार वाजता जेवायचं धरू. साडेअकराला टर्की बाहेर काढ, पंखांची टोकं मागे दुमडून अंगाखाली खोच म्हणजे करपणार नाहीत. पाय घट्ट बांधू नकोस, मांडीच्या सांध्यात गरम हवा जायला हवी. वरून तेलाचा हात. रोस्टिंग पॅनमध्ये जाळी, जाळीखाली कांदा-गाजराचे जाड काप आणि कपभर पाणी. बारा वाजता ३२५ फॅरनहाइटला आत. न भरलेल्या १२ पौंडांच्या टर्कीला साधारण तीन तास. दर अर्ध्या तासाला दार उघडून रस ओतायची गरज नाही, त्याने ओव्हनच थंड होतो. छाती हवी तशी लालसर झाली की तिच्यावरच फॉइलचा तुकडा टाक.

दोन तास झाले की थर्मामीटर. साधा डिजिटल चालेल, आधी बर्फाच्या पाण्यात घालून ३२ दाखवतो का बघ. मांडीच्या आतल्या बाजूला, छातीच्या सगळ्यात जाड भागात आणि पंखाच्या सांध्यापाशी, हाडाला न टेकवता. सगळीकडे किमान १६५. मांडी १७५ पर्यंत गेली तर उलट जास्त मऊ लागते. काही टर्कीत प्लॅस्टिकची पिन टोचलेली असते, ती वर उडाली म्हणजे झालं असं समजायचं नाही. रस गुलाबी की पांढरा यावरही जायचं नाही. आकडा बघ. कच्ची राहिली का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच.

बाहेर काढल्यावर अर्धा तास तरी हात लावायचा नाही, रस आत मुरतो. तुझ्या एका ओव्हनचा प्रश्नही तिथेच सुटतो: त्या वेळात तापमान ३७५ करून दोन्ही स्टफिंग, बीन्स आणि स्क्वॉश आत जातात. बटाटे शेगडीवर उकड. युकॉन गोल्ड घे, गरम दूध-बटर घालून हाताने कुस्कर. मिक्सरला लावलेस तर डिंकासारखे चिकट होतात.

आज्जीचाखलबत्ता | १७ नोव्हेंबर

शेगडी, हा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावण्यासारखा आहे. कापण्याबद्दल एवढंच: आधी तंगड्या सांध्यातून सोडवायच्या, मग छातीचा एकेक भाग हाडापासून अख्खा काढून आडवे काप करायचे. प्रत्येक कापाला कातडीची किनार येते. अर्थात आजोबांना हे सांगायची गरज नसेल!

मुग्धमेघ | २७ नोव्हेंबर

झालं, आणि फार छान झालं! तुम्हा सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद.

टर्की पावणेतीनला १६५ च्या वर होती, मांडी १७२. कातडी तर सुरी टेकवताच कडकडली. आजोबांनी पहिला काप आजींच्या पानात वाढला. त्यांनी खाऊन माझा हात धरला आणि सेज किती घातलंस ते विचारून घेतलं. चोरीसचं स्टफिंग सगळ्यात आधी संपलं, मांडवीकाठ, तुमचे आभार. सासूबाईंच्या क्रॅनबेरी लोणच्याची बरणी आजोबा घरी घेऊन गेले, टर्की सँडविचला लावणार आहेत. सासऱ्यांनी स्क्वॉश दोनदा घेतला.

आता उरलेल्या टर्कीचं सांगा. दोन तासांच्या आत सगळं हाडावरून काढून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये ठेवलंय. सांगाडाही ठेवलाय.

आज्जीचाखलबत्ता | २७ नोव्हेंबर

वा! आता मालवणी रस्सा. सांगाडा तोडून इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या प्रेशर कुकरमध्ये) कांदा, आलं, चार मिरे घालून पाऊण तास, मग गाळा. कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं काळपट लाल भाजून लसणाबरोबर गंधासारखं वाटा. तेलात कांदा, वाटण, मालवणी मसाला, हळद, तेल सुटेपर्यंत परता. मग स्टॉक घालून दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. टर्कीचे तुकडे सगळ्यात शेवटी, वाफ येईपर्यंतच. ते आधीच शिजलेत, उकळत ठेवले तर चोथा होतो. मांडीचं मांस रश्श्याला जास्त चांगलं, छातीचं सँडविचला ठेवा. मीठ शेवटी चाखून, कारण टर्कीतलं मीठ रश्श्यात उतरतं. कोकम दोन. सोबत घावणे किंवा नुसता भात.

टोरांटोकर | २७ नोव्हेंबर

स्टॉक फ्रीझरमध्ये किती दिवस चांगला राहतो?

शेगडी | २७ नोव्हेंबर

शिजलेली टर्की आणि स्टॉक फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे फ्रीझर. तिथे दोन-तीन महिने चव उत्तम राहते. दोन दोन कपांचे डबे भर, वर बोटभर जागा सोड आणि तारीख लिही. डाळ शिजवताना पाण्याऐवजी घालून बघ. फक्त तो डबा शाकाहारी मंडळींच्या वरणात जाणार नाही, एवढं ठळक अक्षरात लिहून ठेव.